स्टॉलवर उभं कोणी राहायचं?

प्रश्न : ताई, जुन्नर तालुक्यात चार एकरांवर आमचं कृषी पर्यटन केंद्र आहे. सहा खोल्या, चार तंबू, द्राक्षबाग आणि एक शेततळं. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी झालेली आहे. आजवर पुण्या-पिंपरीचे पाहुणे ओळखीतूनच येत आले. यंदा पहिल्यांदा मुंबईतल्या पर्यटन व्यापार प्रदर्शनात तीन बाय तीन मीटरचा स्टॉल घेतलाय. त्यावरून घरात वाद चालू आहे. दीर म्हणतात, इंग्रजी फाडफाड बोलणारी दोन मुलं तीन दिवसांसाठी रोजावर घेऊ. माझं इंग्रजी मोडकंतोडकं आहे आणि फेब्रुवारीत द्राक्षांची तोडणीही असते. मी जावं का? गेले तर तिथे नेमकं करायचं काय?
— एक वाचक, जुन्नर

उत्तर : तुम्हीच जा. तोडणी तीन दिवस दिरांना बघू दे.

कर्जतजवळच्या एका हॉलिडे पार्कसाठी मी १७ वर्षं अशा स्टॉलवर उभी राहिले. त्यातल्या दुसऱ्या वर्षी आम्हीही रोजावर मुलं घेतली होती. गोड बोलणारी, कष्टाळू मुलं. एका ट्रॅव्हल एजंटने त्यांना विचारलं, ५० सीटर बस आत येते ना? त्यांनी हो सांगितलं. पार्किंगचा फोटो मोठा होता, तो बघून कोणीही हो म्हटलं असतं. फाटकाच्या अलीकडे मोरी आहे आणि तिथलं वळण मिनीबसलाही जेमतेम पुरतं, हे त्यांना आमच्यापैकी कोणी सांगितलंच नव्हतं. जूनमध्ये मुलुंडहून ज्येष्ठ नागरिकांचा ४३ जणांचा ग्रुप आला. बस हमरस्त्यावरच थांबली आणि सगळी मंडळी सामान घेऊन भर पावसात पाऊण किलोमीटर चालत आली. एका आजींचा पाय घसरला, घोट्याला प्लास्टर घालावं लागलं. त्या एजंटने आम्हाला पुन्हा कधी फोन केला नाही. त्या आजींचा चेहरा मला आजही आठवतो. तेव्हापासून आमच्या स्टॉलवर ज्याला मोरीची रुंदी ठाऊक आहे तोच उभा राहील, असं मी ठरवून टाकलं.

इंग्रजीची धास्ती सोडा. मुंबईचा सहलींचा धंदा हिंदी-गुजरातीत भरपूर चालतो, आणि तुमच्याकडे येणारे लोक भाषण ऐकायला येत नाहीत. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. बस कुठे वळते? ड्रायव्हर-क्लीनर झोपणार कुठे, त्यांचं जेवण धरलंय का? जैन जेवण मिळेल का आणि एका पंगतीला किती माणसं? लाइट गेली तर पंप चालतो का? टॉयलेट खोलीला लागून आहे की बाहेर? तंबूत पावसाळ्यात ठेवता का? निघण्यापूर्वी एक दिवस काढून टेप घ्या आणि फाटक, वळण, जेवणाची शेड सगळं मोजून वहीत मांडा. शक्य असेल तर तुमचं स्वयंपाकघर ज्या बघतात त्यांना सोबत न्या. ‘८० पानं दीड तासात उठतील, १०० नाही’ असं जी बाई ठामपणे सांगते, तिच्यावर एजंट विश्वास टाकतो.

जुन्नर म्हटलं की बिबट्याचा प्रश्न येणारच, विशेषतः शाळांच्या सहली नेणाऱ्यांकडून. उसाच्या पट्ट्यात बिबटे आहेत, माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्र आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. ‘आमच्याकडे नाही हो येत’ असं चुकूनही म्हणू नका. आवाराला कुंपण कसं आहे, खोलीपासून जेवणाच्या शेडपर्यंत दिवे कुठे कुठे आहेत, अंधार पडल्यावर मुलांना एकटं सोडत नाही, उरलंसुरलं अन्न आणि कुत्री यांचं काय करता, वन विभागाचा नंबर कुठे लावलाय, हे सांगा. यातलं काही अजून झालेलं नसेल तर आधी ते करा. स्टॉलची सजावट मागे राहिली तरी चालेल. हे मी फार मनापासून सांगते आहे, कारण प्रश्न परक्यांच्या लेकरांचा आहे.

आता गिऱ्हाईक कोण, ते बघू. तुम्ही ‘शांत निसर्ग, चुलीवरची भाकरी’ असं लिहिणार असाल. तुमच्याच रांगेतले दुसरे ५० स्टॉलही तेच सांगत असतील. तुमच्या तालुक्यात अष्टविनायकांपैकी दोन आहेत, लेण्याद्री आणि ओझर. अष्टविनायक करणाऱ्या बसला दुपारचं जेवण आणि रात्रीचा मुक्काम लागतोच. शिवनेरी आणि नाणेघाट आहेत. खोडदला जीएमआरटीची रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. विज्ञानाची सहल काढणाऱ्या शाळांना ती दाखवायची असते, फक्त तिथल्या भेटीची परवानगी आधी काढावी लागते. एक हाती काढलेला नकाशा करा, मधोमध तुमचं केंद्र आणि प्रत्येक ठिकाणापर्यंत बसला लागणारा वेळ. वेळच लिहा, किलोमीटर नकोत, घाटातल्या किलोमीटरवरून कोणाला काही कळत नाही. आमच्या ब्रोशरपेक्षा असा नकाशाच लोक घडी करून खिशात घालत.

दर घरून ठरवून न्या. पाहुण्याला सांगायचा दर वेगळा, एजंटचा नेट दर, म्हणजे त्याचं कमिशन वजा करून उरणारा, वेगळा, ग्रुपचा वेगळा. किती माणसांमागे एक फुकट, लहान मुलांचं काय, रद्द केलं तर किती कापणार, सगळं कागदावर हवं. दर कर धरून आहेत की वगळून, ते ठळक लिहा. रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला, जुनं दरपत्रक छापून ठेवलं असेल तर ते बाजूला काढा. तुम्हाला तो कसा लागू होतो ते आपल्या सीएला विचारून घ्या. स्टॉलवर कोणी घासाघीस करू लागला तर ‘घरी विचारून सांगते’ म्हणू नका. शेवटचा आकडा मनात पक्का असू दे आणि तो सांगण्याचा अधिकार तुमच्याकडे असू दे. हे दिरांशी आधीच बोलून घ्या. तुमच्या घरातल्या वादाचं मूळ मला तिथेच दिसतं.

स्टॉलचं थोडक्यात. सहसा तीन भिंती, वर नावाची पट्टी, एक टेबल, दोन खुर्च्या, दोन-तीन दिवे आणि एक प्लग मिळतो. पट्टीवरचं नाव तुम्ही फॉर्ममध्ये लिहाल तसंच येतं, स्पेलिंग दोनदा तपासा. जास्तीचा प्लग हवा असेल तर आधीच मागा, ऐन वेळी महाग पडतो. टेबल मागे सरकवा आणि पुढे उभ्या राहा. द्राक्षं वाटायची इच्छा होईल, पण खाण्याचं वाटायला परवानगी आहे का ते आयोजकांना विचारा. असेल तर तुमच्या काळ्या जम्बोची पेटी जरूर न्या.

बोलणं झालं की माणूस वळल्या वळल्या तीन गोष्टी लिहा : त्याला कोणत्या तारखा हव्यात, किती माणसं आणि तुम्ही काय कबूल केलंत. कार्डाच्या पाठीमागे लिहा किंवा वहीत, पण पुढचा माणूस येण्याआधी. दुसऱ्या दिवशी सगळे चेहरे एक होतात. मी २०११ साली १४० कार्डं घेऊन आले, त्यांतल्या ११ जणांनी त्या वर्षी धंदा दिला. ते अकराही जण असे होते ज्यांना मी आठवड्याच्या आत फोन करून त्यांच्याच तारखा सांगितल्या होत्या. तोडणी चालू असली तरी रोज संध्याकाळी अर्धा तास या फोनांसाठी ठेवा.

आणि लहान स्टॉलचं वाईट वाटून घेऊ नका. आज जगभर नावाजलेलं बर्लिनचं आयटीबी हे पर्यटन प्रदर्शन १९६६ साली सुरू झालं तेव्हा त्यात पाच देशांचे मिळून नऊ प्रदर्शक होते.

प्रश्न : दापोलीजवळ आमचे दहा कॉटेज आहेत. प्रदर्शनात भेटलेला एक एजंट म्हणतो, मे महिन्यातले सगळे शनिवार-रविवार माझ्यासाठी राखून ठेवा, पैसे पाहुणे आले की देतो. हो म्हणू का?
— एक वाचक, दापोली

उत्तर : अशा बोलीवर नको. मे महिन्यातला कोकणातला शनिवार रिकामा गेला तर तो भरून निघत नाही. दहापैकी तीन-चार कॉटेज द्या आणि रिलीजची तारीख लेखी ठरवा. येण्याच्या १५ दिवस आधीपर्यंत नावं आणि निम्मे पैसे आले नाहीत तर खोल्या आपोआप तुमच्याकडे परत, असं. चांगला एजंट याला नाराज होत नाही, त्याला ही पद्धत माहीत असते. मुदत संपायच्या आदल्या दिवशी, म्हणजे येण्याच्या १६ दिवस आधी सकाळी, त्याला आठवणीचा मेसेज मात्र तुम्हीच पाठवा.