जंगलाच्या कडेच्या वाळूमाश्या आणि धूरफवारणी: मुलुंडच्या ताईंच्या प्रश्नाला उत्तर

ताई, आपली सोसायटी मुलुंडला राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीला लागून आहे, संध्याकाळी मुलांच्या घोट्यांना बारीक माश्या चावतात आणि त्या रोग पसरवणाऱ्या वाळूमाश्या असाव्यात या भीतीने भिंतीपलीकडचा पालापाचोळा काढून तिथे धूरफवारणी करून घेण्याचा ठराव समितीपुढे आला आहे, तो योग्य आहे का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे, की हा ठराव मंजूर होऊ देऊ नये.

आधी माशी ओळखावी. वाळूमाशीचा वाळूशी संबंध मुख्यतः रंगापुरता आहे. ती जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, मातकट आणि केसाळ असते. गोरेगावच्या बाजूला एका तबेल्याच्या भिंतीवर विजेरी तिरपी धरून मी ती प्रथम नीट पाहिली, तेव्हा तिचे दोन्ही पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर फाकलेले होते आणि बोट जवळ नेताच ती उडून न जाता टुणकन वीतभर बाजूला सरकली. चावणारी इतर बारीक चिलटे पंख पाठीवर सपाट मिटून बसतात. एवढा फरक पाहिलात तरी निम्मी शंका दूर होईल.

डासांप्रमाणे ही साचलेल्या पाण्यात वाढत नाही. ढोलीच्या तळाशी, वारुळात, उंदरांच्या बिळात, मोठ्या झाडांच्या मुळांमधल्या कपारीत किंवा गोठ्याच्या शेणमातीत, म्हणजे जिथे ओल आहे पण चिखल नाही आणि कुजणारा पाला किंवा शेण आहे, तिथे तिच्या अळ्या वाढतात. अंड्यापासून माशी होईपर्यंत साधारण महिना-दीड महिना जातो. जंगलातल्या मातीत या अळ्या इतक्या विखुरलेल्या असतात, की पाट्याच्या पाट्या माती चाळूनही अनेकदा हाती काही लागत नाही. धूर तर त्या घटकेला हवेत असलेल्या माश्यांनाच गाठतो. ढोलीत बसलेली माशी आणि मातीतली अळी दोन्ही वाचतात, आणि मरतात ते फुलपाखरे, काजवे आणि मधमाश्या.

माझा मुख्य मुद्दा याहून वेगळा आहे. माश्या किती आहेत यापेक्षा त्या किती दिवस जगतात आणि आधी कोणाचे रक्त प्यायल्या आहेत, हे महत्त्वाचे असते. रक्त फक्त मादी पिते, तेही अंड्यांसाठी. लेशमानिया हा त्वचेचे व्रण किंवा काळा आजार घडवणारा सूक्ष्म परजीवी एका चाव्यात तिच्या पोटात शिरतो, तिथे वाढायला साधारण आठवडा घेतो आणि पुढच्या एखाद्या चाव्यात दुसऱ्याकडे जातो. त्यामुळे संसर्गित प्राणी किंवा माणूस जवळ नसेल, किंवा माशी दुसऱ्या चाव्यापर्यंत जगलीच नाही, तर तिच्यापासून हा आजार होत नाही.

पनामातील बारो कोलोराडो हे गाटुन तलावातले बेट १९२३ पासून राखीव वन आहे. पनामाच्या अशा जंगलांत झाडांच्या शेंड्यांवर राहणाऱ्या स्लॉथ या मंदगती प्राण्याच्या अंगात हा परजीवी असतो, पण स्लॉथ आजारी दिसत नाही. तिथल्या काही वाळूमाश्या शेंड्यांवरही चावतात आणि जमिनीलगतही, म्हणून झाडाखाली वावरणाऱ्या माणसाला त्वचेचे व्रण होतात. आपल्याकडे बिहारमधला काळा आजार, म्हणजे दीर्घ ताप आणि प्लीहेची वाढ घडवणारा लेशमानियाचाच आजार, अगदी निराळा, कारण तिथे परजीवी माणसाकडून माणसाकडेच जातो आणि त्याची वाहक फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस ही वाळूमाशीची जात घरांच्या व गोठ्यांच्या भिंतींवर विसावते. म्हणूनच १९५०च्या दशकात हिवतापासाठी घरोघरी झालेल्या डीडीटी या कीटकनाशकाच्या फवारणीने तो आजार जवळजवळ नाहीसा झाला आणि फवारणी ओसरल्यावर १९७०च्या दशकात पुन्हा उसळला. त्याउलट केरळात अगस्त्यमलाच्या राखीव जंगलातील काणी आदिवासींच्या वस्त्यांमध्ये लेशमानियाचा त्वचेचा आजार आढळला आहे. एकाच देशात, वाळूमाश्यांच्याच बाबतीत, परिस्थितीनुसार चित्र असे पालटते.

मुंबई काळ्या आजाराच्या स्थानिक पट्ट्यात मोडत नाही. महाराष्ट्राने अधिक लक्ष द्यावे ते वाळूमाश्यांमार्फत पसरणाऱ्या आणि मेंदूला सूज आणणाऱ्या चंडिपुरा विषाणूकडे. तो १९६५ साली नागपूरजवळच्या चंडिपुरा गावी प्रथम सापडला, २००३ मध्ये आंध्र प्रदेशासह आपल्या राज्यात आणि २०२४ मध्ये गुजरातेत त्याने लहान मुलांचे बळी घेतले. हा विषाणू वाळूमाशीच्या मादीकडून अंड्यांतून पुढच्या पिढीत जाऊ शकतो असे प्रयोगांत दिसले आहे. असे असले तरी यात उद्यानातल्या पालापाचोळ्याचा दोष नाही; मुलाला अचानक तीव्र ताप, झटके किंवा ग्लानी आली तर एक तासही न दवडता रुग्णालय गाठावे.

आता सोसायटीने काय करावे. कुंपणाच्या भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजवाव्यात, उंदरांची बिळे बंद करावीत, खताचा खड्डा मुलांच्या खेळाच्या जागेपासून दूर न्यावा. वाळूमाशी अशक्त उडते, साध्या पंख्याच्या वाऱ्यातही तिला टिकता येत नाही, म्हणून तिन्हीसांजेला बाकांजवळ पंखा लावणे खरोखर उपयोगी पडते. मुलांना पायघोळ विजार आणि मोजे घालावेत. नेहमीच्या मच्छरदाणीतून ती आत शिरू शकते. जाळी बारीक विणीची किंवा कीटकनाशक लावलेली हवी.

समितीला तरीही खात्री हवी असेल, तर कागदाला एरंडेल तेल माखून तो रात्रभर भिंतीच्या भेगांपाशी लावावा. सकाळी चिकटलेल्या माश्या मऊ कुंचल्याने उचलून सत्तर टक्के अल्कोहोलच्या कुपीत घालाव्यात आणि कीटकशास्त्र शिकवणाऱ्या एखाद्या महाविद्यालयात दाखवाव्यात. जात ओळखायला सूक्ष्मदर्शकाखाली माशीच्या डोक्याची आणि पोटाची आतली रचना पाहावी लागते, त्यामुळे मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रावरून कोणी नाव सांगितले तर ते धरून चालू नये.