पपईचा पाला औषध केव्हा होईल?

प्रश्न : शहादा तालुक्यात आमची पपईची बाग आहे. पावसाळ्यात गावात डेंग्यूचे रुग्ण निघू लागले, की लोक पाने मागायला बांधावर येतात. गेल्या वर्षी माझ्या पुतण्याला तीन दिवस रस पाजला आणि 35 हजारांवर उतरलेल्या प्लेटलेट लाखावर गेल्या. इतका गुण येतो, तर डॉक्टर त्याला डेंग्यूचे औषध का मानत नाहीत? शास्त्रज्ञ त्याची गोळी का काढत नाहीत?
– एक शेतकरी, जि. नंदुरबार

उत्तर : गोळी केव्हाच निघाली आहे. पपईच्या पानांच्या अर्काच्या गोळ्या आपल्याकडे औषधांच्या दुकानांत मिळतात. मात्र त्या प्लेटलेटसाठी, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या रक्तकणांसाठी, दिल्या जातात, विषाणूवर नव्हे, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर याच फरकात आहे. मलेशियात 228 रुग्णांवर झालेली आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी नेहमी पुढे केली जाते. तीत पानांचा रस घेतलेल्यांच्या प्लेटलेट लवकर वाढल्या हे खरे. परंतु रस कोणाला मिळतो आहे हे रुग्णांना आणि डॉक्टरांनाही ठाऊक होते, आणि त्या रसाने जीव वाचतात का, याचा निवाडा त्या चाचणीतून होत नाही.

डेंग्यूत प्लेटलेट साधारणपणे ताप उतरण्याच्या सुमारास तळाला जातात आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांत आपोआप चढू लागतात. रस पाजण्याचे दिवसही नेमके तेच असतात. त्यामुळे आपल्या पुतण्याला गुण रसाने आला की दुखण्याच्या स्वाभाविक उतारामुळे, हे एका रुग्णावरून कोणालाच सांगता येणार नाही. शिवाय या रोगातला मोठा धोका प्लेटलेटच्या आकड्यात नसून, सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्तातील द्रव पाझरून रक्तदाब कोसळण्यात आहे.

विषाणूवरच चालणारे औषध शोधणे याहून कठीण आहे. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे असून एकदा एका प्रकाराचा डेंग्यू झालेल्या माणसाला पुढे दुसऱ्या प्रकाराचा झाल्यास तो अधिक गंभीर होण्याची शक्यता असते; म्हणून औषध चारही प्रकारांवर लागू पडले पाहिजे. त्यातच रक्तातील विषाणू पाचेक दिवसांत ओसरू लागतो आणि आपल्याकडचा रुग्ण तिसऱ्या-चौथ्या दिवशी दवाखान्याची पायरी चढतो. कीड पीक खाऊन गेल्यावर फवारणी करण्याचा काय उपयोग, हे आपणास मी सांगायला नको.

तरीही काम चालू आहे. दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय जनुकीय अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञान केंद्रातील संशोधकांनी 2015 मध्ये दाखवून दिले, की पहाडवेलीचा अर्क प्रयोगशाळेतील पेशींमध्ये चारही प्रकारांच्या विषाणूंना रोखतो आणि उंदरांनाही संरक्षण देतो. पुढे वासनवेलीवर, म्हणजे जिची पाने पाण्यात चुरली की पाणी हिरवेगार थिजते तिच्यावर, एका औषध कंपनीच्या साथीने काम झाले. पेशी आणि उंदीर यांच्यापासून माणसापर्यंतची वाट लांब आहे, आणि बहुतेक वनस्पती तिच्यातच मागे राहतात.

दुसरी अडचण पानाचीच आहे. आपल्या बागेतले कोवळे पान आणि शेजारच्या बागेतले जून पान यांतील द्रव्ये सारखी नसतात. ऋतू आणि जमीन बदलली की तीही बदलतात. म्हणूनच वनस्पतिजन्य औषधांसाठी 2015 मध्ये झालेल्या नियमानुसार शुद्ध केलेल्या अर्कातील किमान चार घटक ओळखून त्यांचे प्रमाण मोजावे लागते. वाटीभर रसाला हे माप लावता येत नाही.

पपईवरचा रिंगस्पॉट हा विषाणूजन्य रोग मावा किडीमुळे पसरतो आणि त्या किडीसाठी आपण फवारण्या करता. (डासावाचून पसरणारा हा पपईचा डेंग्यूच म्हणा ना!) तेव्हा फवारलेल्या झाडाची पाने कोणालाही देऊ नयेत, ही माझी आग्रहाची विनंती. तापासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घ्यावे. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळावे. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा विलक्षण सुस्ती दिसल्यास, ताप उतरलेला असला तरी, रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

प्रश्न : सातपुड्यातील जाणत्या मंडळींच्या जडीबुटीवरून उद्या एखाद्या कंपनीने औषध काढले, तर त्यांना काय मिळेल?
– एक शिक्षिका, अक्कलकुवा

उत्तर : जैवविविधता कायदा, 2002 नुसार अशा लाभात स्थानिकांचा वाटा असतो. 2023 च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाला त्यातून सूट दिली. पहाडवेल ‘पाठा’ या नावाने आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहेच. मात्र पावरा आणि भिल्ल जाणत्यांचे तोंडी ज्ञान ग्रंथबद्ध नाही, म्हणून त्याची नोंद गावच्या लोकजैवविविधता नोंदवहीत होणे अगत्याचे आहे. नोंदताना वनस्पतीचे पावरी-भिली नाव, कोणता भाग, कोणत्या महिन्यात काढला आणि कसा दिला, एवढे तरी लिहावे. कोणत्या तापावर दिला हे मात्र रक्ताच्या तपासणीवरून लिहावे, कारण हिवताप आणि डेंग्यू हे दोन्ही डोंगरात नुसते ‘ताप’ म्हणूनच सांगितले जातात.