छोट्या विमानात वीज गेली तर पायलटसमोरची मीटरं बंद पडतात का?

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून उडणाऱ्या छोट्या विमानांत घरच्यासारखा इन्व्हर्टर असतो का, असं तुम्ही विचारलंय. मी नागपुरातच विमानांच्या मेंटेनन्समध्ये आहे, म्हणून सांगतो.

आधी भीती काढून टाका. वीज गेली म्हणून इंजिन थांबत नाही. ठिणगी देणारे मॅग्नेटो इंजिनच फिरवतं, बॅटरीशी त्यांचा संबंध नाही.

जुन्या सेसना १७२ या चार आसनी छोट्या विमानात वेग, उंची आणि चढउताराची मीटरं नुसत्या हवेच्या दाबावर चालतात. क्षितिज आणि दिशा दाखवणाऱ्या मीटरांचे गायरो, म्हणजे आतल्या वेगाने फिरणाऱ्या भिंगऱ्या, हवा ओढणारा व्हॅक्यूम पंप फिरवतो. वळण दाखवणारं मीटर मात्र विजेवर. हाच तिथला बॅकअप: सगळी मीटरं एकाच्याच जिवावर नाहीत.

पण खरा दगा पंप देतो. एक बिघडलेला पंप उघडला, तर आतल्या कार्बनच्या पात्यांचा पार चुरा झालेला. पेन्सिल तासावी तशी काळी भुकटी, दिवसभर बोटांची निघेना. पंप मरतो क्षणात, गायरो मात्र काही मिनिटं मंदावत राहतो आणि मीटरमधलं क्षितिज हळूहळू कलतं. ढगात त्यावर भरवसा ठेवणारा पायलट सरळ चाललेलं विमान स्वतःच कलवतो. वीज गेलेला स्क्रीन निदान काळा तरी पडतो हो! म्हणून बरेच पायलट रबरी चकती जवळ ठेवतात. खोटं बोलणारं मीटर सरळ झाकून टाकायचं.

मीटरांऐवजी जी१००० चे मोठे स्क्रीन असलेल्या नव्या १७२ मध्ये मात्र तुमचा इन्व्हर्टर आहे म्हणा. इंजिनवर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर गेला की मुख्य बॅटरी, तीही उतरली की वेगळी स्टँडबाय बॅटरी. ती पायलटसमोरचा स्क्रीन आणि एक रेडिओ अशा गरजेच्या गोष्टी किमान ३० मिनिटं चालवते. स्क्रीनच गेला तर खाली वेग, उंची आणि क्षितिजाची छोटी मीटरं आहेतच. जुन्या विमानात नंतर बसवलेल्या गार्मिन जी५ या छोट्या इलेक्ट्रॉनिक मीटरला स्वतःची बॅटरी असते, ४ तासांपर्यंतची.

ही स्टँडबाय बॅटरी इंजिन सुरू करण्याआधी तपासतात. स्विच टेस्टवर १० सेकंद दाबून धरायचा, हिरवा दिवा तेवढा वेळ टिकला पाहिजे. मे महिन्यात, तापलेल्या कॉकपिटमध्ये शिकाऊ पोरं पाच-सहा मोजूनच बोट काढतात. मी बाजूला असलो की परत पहिल्यापासून मोजायला लावतो.