माणसं कमी करायचं नव्हे, वेळ वाया न घालवायचं गणित

एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. प्रकल्पाचं वेळापत्रक आणि मनुष्यबळाचं नियोजन एकत्र मांडून खर्च कमी करणं, या विषयात तिला पुढे शिकायचं आहे. वडिलांच्या मते ही कारकुनी, वर माणसं कमी करण्याचं पाप. त्यांनी तिच्या एमबीएची फी भरूनही टाकली आहे.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. ‘आम्ही ठरवलं’ चार वेळा आलं. मुलगी काय म्हणाली, याची एक ओळ नाही. ‘आता ती घरात फारसं बोलत नाही’ हे तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिलंत. मला काळजी त्या ताजा कलमाची वाटते, तिच्या गुणांची अजिबात नाही. आपला विषय इतका नेमका सांगणारी मुलं माझ्याकडे क्वचित येतात. तिला गप्प बसवलंत, ही चूक तुमची आहे.

आता ते ‘पाप’. समजा, एक काम सहा दिवसांचं, रोज दोन माणसांचं. आणखी दोन कामं तीन-तीन दिवसांची, प्रत्येकी चार माणसांची. ती या सहा दिवसांत कधीही उरकली तरी चालतात. नुसतं वेळापत्रक बघणारा तिन्ही कामं पहिल्याच दिवशी सुरू करतो आणि दहा माणसं मागतो. पगार ६० मनुष्यदिवसांचा, काम ३६ चं. शेवटचे तीन दिवस आठ जण बसून. वेळापत्रक आणि माणसं, हे दोन्ही प्रश्न एकत्र सोडवले, तर एक काम चौथ्या दिवशी सुरू होतं, सहा माणसांत सगळं भागतं आणि शेवटची तारीख हलत नाही. कुणाला जादा राबवलेलं नाही. टळली ती घाईची भरती आणि नंतरची कपात. कुठलं काम रेंगाळलं तर सगळा प्रकल्प लांबतो, हे शोधणारी क्रिटिकल पाथ पद्धत १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट कंपनीत आकाराला आली, तीही माणसं हवी तेवढी मिळतील असंच धरून चालते. प्रत्यक्षात पाळ्या असतात, साप्ताहिक सुट्टी असते, प्रत्येकाचं कौशल्य वेगळं असतं. कामं वाढली की शक्य वेळापत्रकं इतकी होतात की संगणकालाही सगळी तपासता येत नाहीत. याला कारकुनी म्हणू नका.

हेच तंत्र वापरून माणसांना पिळणारेही आहेत, हे खरं. म्हणून तर विश्रांतीची अट गणितात आधी लिहिणारी माणसं इथे हवीत.

वाट ओळखीचीच आहे: ऑपरेशन्स रिसर्च (असे निर्णय गणितानं घेण्याचं शास्त्र) किंवा इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमधली पदव्युत्तर पदवी, जोडीला पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. पीएमपी या प्रकल्प व्यवस्थापनाच्या सर्टिफिकेटच्या मागे आत्ता लागू नका. त्याला प्रकल्प चालवल्याचा अनुभव लागतो.

फी परत मिळते का, ते उद्याच विचारा. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. ऐन कामात दोघं आजारी पडले तर तिचं वेळापत्रक कसं सावरतं, हे मला तिच्याकडून ऐकायचं आहे.