मुलगी लंडनला शिकते. घराजवळच्या इव्हँजेलिकल अँग्लिकन चर्चने तिला बोलावलं आहे. तिथे नेमकं काय चालतं, काळजी करावी का?

तुम्ही लिहिलं आहे की चर्चमधल्या बायकांनी मुलीला रविवारच्या उपासनेला आणि नंतर जेवायला बोलावलं, आणि त्यांच्या संकेतस्थळावर ‘इव्हँजेलिकल’ हा शब्द वाचून तुमच्या मनात धर्मांतराची शंका आली. मी मूळची नाशिकची, सीएनआयच्या, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीत वाढलेली. आता दक्षिण लंडनमध्ये अशाच एका चर्चची सभासद आहे, म्हणून आतून जे दिसतं ते सांगते.

शंकेचं उत्तर आधी. या लोकांना मनापासून वाटतं की प्रत्येकाने येशूला ओळखावं. ते हे लपवत नाहीत आणि तुमच्या मुलीशीही त्याबद्दल बोलतील. पण श्रद्धा जन्माने मिळत नाही, ज्याची त्याने समजून-उमजून स्वीकारायची असते, हाच त्यांच्या विचाराचा गाभा आहे. दबाव टाकून मिळवलेल्या होकाराला त्यांच्या लेखी किंमतच नाही. जेवणावर अट नसते. आमच्याकडे वर्षानुवर्षं जेवायला येणारे आणि उपासनेला कधीच न बसणारे विद्यार्थी आहेत, आणि त्यांचं ताट कुणी मोजत नाही.

इथे अँग्लिकन म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचं. चर्च ऑफ इंग्लंड एकच असलं तरी त्याच्या आत परंपरा निरनिराळ्या. काही ठिकाणी धूप, घंटा, भरजरी झगे. इव्हँजेलिकल चर्चमध्ये मात्र बायबल आणि उपदेश मध्यभागी असतो. बिशप तेच, तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा तोच, भाकर-द्राक्षारसाचं प्रभुभोजनही तेच. पण उपदेश अर्धा-अर्धा तास चालतो आणि बायबलमधलं एकच पुस्तक ओळीने, कितीतरी आठवडे उलगडत नेतात. लोक मांडीवर बायबल उघडून ऐकतात आणि आठवड्यात कुणाच्या तरी घरी आठ-दहा जण जमून त्याच उताऱ्यावर बोलतात, एकमेकांसाठी प्रार्थना करतात. मंडळीचं खरं आयुष्य मला या घरगुती गटांत दिसतं. कुणाची नोकरी गेली, कुणाची आई आजारी आहे, हे पाळकाच्या आधी गटाला कळतं.

राजा या चर्चचा प्रमुख, म्हणजे खर्च सरकार करत असेल, असा आपल्याकडे समज असतो. तसं नाही. स्थानिक चर्चचा बहुतेक खर्च सभासदांच्या देणगीतून चालतो. कारभाराला निवडून आलेली पॅरिश समिती, म्हणजे स्थानिक मंडळीची समिती, आणि दोन चर्चवॉर्डन, म्हणजे निवडलेले कारभारी, असतात. पैशांचे आणि कारभाराचे निर्णय पाळक एकटा घेऊ शकत नाही, आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

कारण या परंपरेतलं मोठं काम साध्या सभासदांनीच केलं आहे. क्लॅपहॅमचं होली ट्रिनिटी चर्च घ्या. 1776 साली उघडलेलं हे चर्च आजही क्लॅपहॅम कॉमन या मोठ्या मैदानावर उभं आहे. 1792 ते 1813 जॉन व्हेन तिथले पाळक होते. बाकांवर बसणाऱ्यांत खासदार विल्यम विल्बरफोर्स होते, बँकर हेन्री थॉर्न्टन होते, ईस्ट इंडिया कंपनीत काम केलेले चार्ल्स ग्रँट होते. उपासना संपली की हेच लोक थॉर्न्टनच्या घरी बसून गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुरावे जमवत, संसदेतल्या भाषणांची तयारी करत. 1807 मध्ये ब्रिटनने तो व्यापार कायद्याने बंद केला, 1833 मध्ये साम्राज्याच्या बहुतेक भागातली गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला. 1799 मध्ये चर्च मिशनरी सोसायटी, म्हणजे सीएमएस, स्थापन झाली त्या सभेचे अध्यक्षही व्हेनच होते.

ही सोसायटी पुढे आमच्या नाशिकला आली. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमार गुलामांची जहाजं पकडायचं. त्यांवरची आफ्रिकी मुलं मुंबईत उतरवली जात आणि त्यांतली काही नाशिकच्या शरणपूरला सीएमएसच्या आश्रमात वाढली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. जेकब वेनराइट त्यांतलाच. 1873 मध्ये प्रसिद्ध मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारले तेव्हा त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता, आणि 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीसोबत चालणाऱ्या मानकऱ्यांतही होता. शरणपूर रोडवरून रोज ये-जा करणाऱ्या कितीतरी नाशिककरांना हे ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. क्लॅपहॅमच्या याच लोकांनी 1813 मध्ये कंपनीच्या राज्यात मिशनऱ्यांना वाट मोकळी करून घेतली, आणि त्या वेळी हिंदू धर्माबद्दल ते जे बोलले ते वाचताना मला वाईट वाटतं. तुमची शंका आभाळातून पडलेली नाही.

आजचं काम जवळचं आणि रोजचं आहे. आमच्याकडे अन्नपेढीसाठी डाळी, पास्ता, डबाबंद भाज्या गोळा होतात. कर्जात बुडालेल्यांसोबत बसून हिशेब मांडणारे स्वयंसेवक आहेत. लहान मुलांना घेऊन येणाऱ्या आयांचा सकाळचा गट आहे, आणि त्यात सोमाली, पोलिश, तमिळ अशा सगळ्या जणी असतात. ज्यांना श्रद्धेविषयी प्रश्न विचारायचे आहेत त्यांच्यासाठी जेवणासह चालणारा अल्फा कोर्स आहे. तो लंडनच्याच होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन या अँग्लिकन चर्चमध्ये सुरू झाला. तिथे ‘मला हे पटत नाही’ असं म्हणणाऱ्याला अडवत नाहीत.

मतभेदही आहेत. बाईने मुख्य पाळक व्हावं का, समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद द्यावा का, यावरून चर्च ऑफ इंग्लंडमध्ये तीव्र वाद चालू आहे, आणि बऱ्याच इव्हँजेलिकल मंडळ्या या बाबतीत जुन्या मताच्या आहेत. मुलीला याबद्दल विचारावंसं वाटलं तर तिने सरळ विचारावं.

तिला दोन-तीन गोष्टी सांगून ठेवा. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारस घ्यायला पुढे जायची तिला गरज नाही. जागेवर बसून राहिलं तरी कुणाला खटकत नाही. दानाची पिशवी किंवा कार्डाचं यंत्र समोर आलं तर पुढे सरकवावं, पाहुण्यांनी द्यावं अशी अपेक्षा नसते. आणि प्रत्येक चर्चमध्ये सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीचं नाव आणि फोन नंबर सूचनाफलकावर लावलेला असतो. तो तिने पहिल्याच दिवशी पाहून ठेवावा. कुणी एकटं गाठून आग्रह केला, घरच्यांपासून काही लपवायला सांगितलं, तर त्या नंबरवर कळवावं आणि तिथे जाणं थांबवावं.