किंगडम हार्ट्सची सुरुवात संथ वाटते आहे, पुढे खेळावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पहिला किंगडम हार्ट्स नुकताच सुरू केला आहे, बेटावर लाकडं आणि नारळ गोळा करण्यात वेळ चालला आहे, डोनाल्ड डक आणि फायनल फॅन्टसीची माणसं एका गोष्टीत ही कल्पनाच पोरकट वाटते, शिवाय फायनल फॅन्टसी कधी खेळलेला नाही. अशा माणसाने पुढे जावं का, आणि ज्यांनी खेळला त्यांचं पहिलं मत काय झालं होतं?

पुढे जा. निदान ट्रॅव्हर्स टाउन नावाच्या गावातल्या पहिल्या मोठ्या बॉसपर्यंत, म्हणजे बड्या शत्रूपर्यंत, तरी जाच. मी इथे फक्त सुरुवातीच्या काही तासांबद्दल लिहिते आहे, शेवट फोडणार नाही.

हा गेम मार्च २००२ मध्ये जपानात प्लेस्टेशन २ वर आला. दिग्दर्शक तेत्सुया नोमुरा. तोवर हा माणूस फायनल फॅन्टसी ७ आणि ८ मधली पात्रं रेखाटणारा म्हणून ओळखला जायचा. दिग्दर्शनाची ही त्याची पहिलीच वेळ. सुपर मारिओ ६४ मध्ये मारिओ ज्या मोकळेपणाने त्रिमितीत हुंदडतो ते पाहून हा गेम बनवणाऱ्या स्क्वेअर कंपनीतल्या मंडळींना (फायनल फॅन्टसीही त्यांचीच) तसलंच काही करायचं होतं. पण मारिओसमोर उभं करायचं कुणाला? तेवढी ओळख जगात डिस्नेच्या पात्रांचीच, असं त्यांच्यात बोलणं झालं. टोकियोत दोन्ही कंपन्यांची कार्यालयं एका इमारतीत होती आणि निर्माते शिंजी हाशिमोतो यांची डिस्नेच्या अधिकाऱ्याशी पहिली गाठ लिफ्टमध्ये पडली, ही हकीकत बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते. हे सांगायचं कारण एवढंच की कल्पना व्यापारातून निघाली हे खरं आहे. तरीही गोष्ट लिहिणाऱ्यांनी ती मनापासून लिहिली, आणि ते पहिल्या काही मिनिटांतच जाणवतं.

डिस्नेचं नाव पाहून मी काहीतरी हसतंखेळतं असेल असं धरून बसले होते. सुरुवातीच्या पडद्यावर पियानोची एक साधी, शांत धून वाजते. ही योको शिमोमुरा यांची. स्ट्रीट फायटर २ चं संगीत ज्यांनी केलं त्यांपैकी त्या एक. मग उताडा हिकारूचं गाणं, आणि सोरा नावाचा मुलगा पाण्यात खोल खोल बुडत जातो. खाली पोचतो तो मिट्ट काळोखात, एका प्रचंड रंगीत काचेच्या चित्रावर. पायाखाली स्नो व्हाइट आहे, पुढच्या चौथऱ्यावर सिंड्रेला आहे, आणि भोवताली काहीही नाही. तलवार, ढाल, जादूची काठी यांतलं एक उचलायचं आणि एक कायमचं सोडायचं. सोडायला लावणं मला फार आवडलं. नुसतं निवडणं सोपं असतं. इथे गेम पहिल्या पाच मिनिटांत तुमच्याकडून काहीतरी काढून घेतो.

त्यानंतर बेटावरची तीन मुलं प्रश्न विचारतात: कशाची भीती वाटते, सगळ्यात महत्त्वाचं काय, आयुष्यात काय हवंय. पहिल्याच उत्तराच्या पर्यायांत ‘म्हातारं होणं’ आहे. लहान मुलाच्या तोंडून हा प्रश्न ऐकताना मी थबकले होते. या उत्तरांवर तुमची लेव्हल सुरुवातीला भराभर वाढणार की नंतर, हे ठरतं. आता तुम्ही उत्तरं देऊन पुढे गेला असाल. काळजी करू नका, कोणत्याही उत्तराने गेम अडत नाही.

आता बेट. संथ आहे, मान्य. दुसऱ्या दिवशीची, तराफ्याने बेट सोडण्यासाठी लागणाऱ्या शिध्याची यादी तर जास्तच लांबली आहे. पाणी समुद्रातून नाही, धबधब्याजवळून भरायचं. मशरूमांपैकी एक बेटावरच्या गुप्त गुहेत आहे. एवढं लक्षात ठेवलंत की काम लवकर उरकेल. पण उरकताना एक करा: रिकूचं बोलणं नीट ऐका. सोराचा हा मित्र त्या बेटाला मनातून कधीच कंटाळलेला आहे. बाहेर दुसरी जगं असतील तर आपण नेमके इथेच का जन्मलो, हे त्याला छळतं. सोराला मात्र शर्यत जिंकायची असते, तराफ्याला नाव द्यायचं असतं, आणि दोघांची मैत्रीण काइरी हिच्यासमोर छाप पाडायची असते. दोघांच्या मैत्रीतली चीर इथेच दिसायला लागते, हसत खेळत, चांदणीच्या आकाराच्या एका फळावरून. दोघांनी ते फळ वाटून खाल्लं की त्यांची नशिबं जोडली जातात, अशी बेटावरची समजूत. हे विसरू नका, एवढंच सांगते.

शिवाय या भटकंतीत बेटाची फळी न् फळी तुमच्या पायाखालून जाते. शिडी कुठे, पूल कुठे, तो वाकडा माड कुठे, सगळं पाठ होतं. मग एका रात्री वादळ येतं. जमिनीतून काळ्या सावल्या वर येतात, लाकडी तलवार त्यांना लागत नाही, रिकू अंधारात उभा राहून हात पुढे करतो, आणि काल जिथे नारळ पाडत होतात ते बेट आभाळात ओढलं जाऊन नाहीसं होतं. त्या घडीला ते नारळ आठवतात. यादी आखूड असती तरी चाललं असतं, पण यादी नसती तर हे जाणं एवढं लागलं नसतं.

आणि आता तुमचा मुख्य आक्षेप, की ही सगळी पात्रं एकत्र येणं पोरकट आहे. वेगवेगळ्या मालिकांतली पात्रं एकत्र आणणाऱ्या बहुतेक गेममध्ये कारण शोधण्याची कुणी तसदी घेत नाही. कुठेतरी एक दार उघडतं, सगळे एकमेकांना भेटतात, मारामारी सुरू होते. किंगडम हार्ट्समध्ये ते एकत्र आले आहेत कारण त्यांची जगं बुडाली आहेत. ट्रॅव्हर्स टाउन हे अशा लोकांनी भरलेलं गाव आहे. तिथे कायम रात्र असते, दिवे लागलेले असतात, चौकात हलकं जॅझसारखं संगीत वाजत असतं, आणि भेटणारा बहुतेक प्रत्येक जण कुठून तरी उखडून आलेला असतो. डोनाल्ड आणि गूफी तिथे उतरतात तेव्हा आभाळातला एक तारा विझतो. तारा म्हणजे एक जग, हे पुढे कळतं, आणि मग त्या सुंदर रात्रीकडे पूर्वीसारखं पाहता येत नाही.

त्या गावात एक घर पाँगो आणि पर्डिटा या डाल्मेशियन जोडप्याचं आहे. घरात पिल्लं नाहीत. नव्याण्णव पिल्लं वेगवेगळ्या जगांत विखुरली आहेत, आणि ती पेटाऱ्यांतून शोधून परत आणणं हे गेमभर चालणारं काम आहे. चित्रपटात गमतीचा असलेला आकडा इथे एवढा जड होतो. रविवारी दूरदर्शनवर हिंदीतलं डक टेल्स पाहून वाढलेल्यांसाठी तर आणखी एक ओळखीची जागा आहे: डोनाल्डचे तिघे भाचे, ह्युई, ड्यूई आणि लुई, तिथे दुकान चालवतात. मला ते पाहून इतका आनंद झाला की गरज नसताना दोन औषधाच्या बाटल्या विकत घेतल्या.

फायनल फॅन्टसी ठाऊक नसण्याचं म्हणाल, तर काही बिघडत नाही. लिऑन नावाचा गंभीर माणूस फायनल फॅन्टसी ८ चा नायक स्क्वॉल आहे. स्वतःचं जग राखता आलं नाही म्हणून त्याने नाव बदललं. एरिथ, युफी आणि दुकानदार सिड ही सातव्या भागातली. बेटावरचे टिडस आणि वाका दहाव्यातले, सेल्फी आठव्यातली. एवढं पुरे. ओळख असेल तर एरिथला जिवंत, हसताना पाहून गलबलून येतं. ओळख नसेल तर ती घर गमावलेली एक मुलगी आहे, आणि गोष्टीला तेवढंच लागतं. हॉटेलातला एक प्रसंग मुद्दाम पाहा: एका खोलीत लिऑन आणि युफी सोराला समजावत आहेत, शेजारच्या खोलीत एरिथ डोनाल्ड आणि गूफीला. दोन्हीकडचं बोलणं एकात एक गुंफलेलं आहे. दोन कंपन्यांची पात्रं एका गोष्टीत कशी बसवायची, याचं मी पाहिलेलं हे सगळ्यात नेटकं काम.

लढाईबद्दल माझं मत एवढं उदार नाही. हल्ला, जादू, वस्तू ही यादी कोपऱ्यात असते आणि तुम्ही पळत-उड्या मारत असतानाच त्यातून निवडायचं. सवय झाली की मजा येते, पण सुरुवातीला बोटांचा गोंधळ होतो. कॅमेरा भिंतीत अडकतो. मूळ आवृत्तीत तो कंट्रोलरच्या मागच्या बटणांनी फिरवावा लागायचा. नव्या आवृत्त्यांत उजव्या काठीने फिरतो, त्यामुळे त्रास पुष्कळ कमी झाला आहे. उड्या निसरड्या आहेत, आणि टारझनच्या जंगलात वेलींवरून जाताना हे चांगलंच भोवतं. एका जगातून दुसऱ्या जगात नेणारं गमी जहाज मला तेव्हाही कंटाळवाणं वाटलं, आजही वाटतं. जगंही सारखी नाहीत. ॲलिसच्या वंडरलँडमध्ये खटल्याचे पुरावे शोधणं मजेचं आहे. जंगलातल्या त्याच त्या फेऱ्या नकोशा होतात.

दोन गोष्टी मात्र आधीच सांगून ठेवते. गावातला बॉस गार्ड आर्मर हे पोकळ चिलखत आहे आणि त्याचे हात-पाय सुटे सुटे लढतात. आधी ते पाडा, धडाकडे नंतर वळा. त्याला हरवल्यावर डोनाल्ड अग्नीची जादू देतो आणि गूफी लोळण घेऊन वार चुकवायला शिकवतो. ही लोळण मेन्यूतल्या कौशल्यांच्या यादीत जाऊन चालू करा. अनेक जण हे विसरतात आणि मग गेम फार कठीण आहे म्हणतात. डोनाल्डने जादू कधी आणि किती वापरावी, तेही मेन्यूतून ठरवता येतं.

त्याच बॉसनंतर एक छोटा प्रसंग आहे. घर गेलं, मित्र हरवले, सोराचं तोंड उतरलेलं. डोनाल्ड त्याला बजावतो की आमच्याबरोबर यायचं तर असं रडवं तोंड चालणार नाही. गूफी म्हणतो, आमच्यासारखं मजेशीर दिसायला हवं. सोरा खाली मान घालतो आणि मग दात विचकून असलं काही वेडंवाकडं तोंड करतो की दोघे खो खो हसतात. दुःख न पुसता त्यात हसू आणायचं, हे डोनाल्ड आणि गूफी यांचं या गोष्टीतलं काम आहे. ते बदक आणि तो कुत्रा इथे कशाला, याचं उत्तर मला त्या प्रसंगात मिळालं. तो पाहूनही मनात काही हललं नाही, तर खुशाल गेम बंद करा. पुढचे तीस-चाळीस तास याच सुरात आहेत.

आणि मन लागलं तर एक विनंती: पहिला संपल्यावर थेट दुसऱ्या किंवा तिसऱ्या भागावर उडी मारू नका. मधे चेन ऑफ मेमरीज हा भाग आहे, जुने भाग एकत्र करून काढलेल्या १.५ आणि २.५ नावाच्या संचात तो पहिल्याला जोडूनच येतो. त्यातली लढाई पत्त्यांवर चालते आणि ती सगळ्यांना रुचत नाही. खेळवत नसेल तर निदान त्यातले कटसीन, म्हणजे गोष्ट सांगणारे प्रसंग, तरी पाहा, कारण दुसऱ्या भागाची सुरुवात तिथे घडलेल्या गोष्टींवर उभी आहे.