घरात हाक मारली की कुत्रा लगेच येतो, मैदानात मात्र ढुंकून पाहत नाही. काय करावं?

बाहेरचे वास त्याला तुमच्या बिस्किटापेक्षा भारी वाटतात, एवढंच. १० मीटरचा लांब पट्टा हार्नेसला, म्हणजे छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला, अडकवा. गळपट्ट्याला नको, धावताना झटका मानेवर बसतो. हाक एकदाच मारा. वळून पाहिलं रे पाहिलं की झपाझप मागे सरा, तो धावत येईल. आल्यावर उकडलेल्या चिकनचे तीन-चार बारीक तुकडे एकेक करून भरवा आणि पुन्हा हुंदडायला सोडा. बहुतेकांचं बिनसतं ते इथेच: हाक फक्त घरी न्यायच्या वेळी मारली, की हाक म्हणजे खेळ संपला हेच तो शिकतो. उशिरा आला तरी कृपा करून रागावू नका. ‘ये’ला आता दादच देत नसेल तर शिट्टी घ्या, सुरुवात पुन्हा घरातून करा.